धोकाकाकांची फुली

धोकाकाकांना घाबरण्याची हौसच होती, असं आम्ही सगळे म्हणायचो. आम्ही म्हणजे आठ विद्यार्थी आणि आमचे सर. कॉलेजतर्फे सहा आठवड्यांसाठी परदेशात आलो होतो, सरकारी भाड्याच्या इमारतींमधली घरं पर्यावरणपूरक करायला. 'पर्यावरणपूरक' हा शब्द आमच्या टी-शर्टवर छापलेला होता, खाली एक हिरवं पान. प्रत्यक्षात काम एवढंच, की खिडक्या, दारं, भिंती यांतल्या फटी बुजवायच्या, म्हणजे थंडीत घरातली ऊब बाहेर जात नाही आणि इंधन कमी जळतं. आम्ही आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला. आम्हाला वाटलं, हे तर डाव्या हाताचं काम.

काका त्या इमारतीचे केअरटेकर. वर चार मजले, मजल्यावर चार घरं, लिफ्ट नाही. तळमजल्यावर सामानाची खोली आणि तिला लागून काकांच्या दोन खोल्या, नोकरीबरोबर मिळालेल्या. काका उंच, थोडे वाकलेले. डोक्यावर कायम लोकरी टोपी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, वरच्या खिशात खडू. त्यांच्या बोलण्यात एक शब्द सारखा यायचा, त्याचा अर्थ धोका. जिना ओला, धोका. कपाटाचं दार उघडं, धोका. बल्ब बदलायचा तर आजूबाजूच्यांना चार पावलं मागे उभं करायचे. दुसऱ्या मजल्यावरच्या टॅक्सीवाल्याने गॅलरीच्या कठड्यावर कुंडी ठेवली, तेव्हा काकांनी खाली उभं राहून ती कुणाकुणाच्या डोक्यात पडू शकते हे त्याला एकेक करून सांगितलं. त्यात त्याच्या सासूबाईही आल्या. टॅक्सीवाला म्हणाला, "मग राहू दे की तिथेच!" आमच्यातल्या एकाने तिसऱ्याच दिवशी त्यांचं 'धोकाकाका' असं बारसं केलं, आणि आम्ही पुन्हा कधी त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. त्यांना ते नाव कळलं नाही. कळलं असतं तरी त्यांनी मनावर घेतलं नसतं.

इमारतीतली माणसंही त्यांची थट्टा करायची. मागच्या वर्षी चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या शिलाईवाल्या बाईंची इस्त्री एका कापडावर राहिली. जळका वास जिन्यात आला. काकांनी थेट अग्निशमन दल बोलावलं. दोन बंब आले, रस्ता अडला, आणि बाई हातात झग्याच्या गळ्याचा एक भोक पडलेला तुकडा घेऊन दारात उभ्या. त्यानंतर गृहनिर्माण कार्यालयाने काकांना पत्र दिलं, की विनाकारण घबराट पसरवण्याचा असा प्रकार पुन्हा घडला तर नोकरीचा विचार करावा लागेल. नोकरी गेली की खोल्याही जाणार. काकूंचे गुडघे कामातून गेलेले, त्या दारापासून पलंगापर्यंत जेमतेम चालायच्या. पत्राची ही गोष्ट काका कुणाला सांगायचे नाहीत. मला काकूंनी सांगितली, हसत हसत, पण सांगून झाल्यावर त्या हसत नव्हत्या.

मला त्यांची भाषा मोडकीतोडकी यायची. कॉलेजात वर्षभर शिकले होते, त्या जोरावर मी गटाची दुभाषी झाले होते. आणि खरं सांगायचं तर त्या मोठेपणाने माझी मान जरा ताठच झाली होती. इतर सात जण माझ्या तोंडाकडे बघायचे. मी वाक्य ऐकायचे, डोळे बारीक करायचे आणि सांगायचे. अर्धं कळलेलं असायचं, उरलेलं मी जुळवायचे. कोण तपासणार होतं?

काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी काका सोळाच्या सोळा घरांत फिरून आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हातमोजे घालून, फोमच्या पट्ट्या आणि सिलिकॉनच्या नळ्या घेऊन अंगणात रांगेत उभे राहिलो, तेव्हा त्यांनी आमच्यापुढे छोटंसं भाषण केलं. भाषणात तीन वेळा धोका आला, आम्ही एकमेकांकडे बघून ओठ दाबले. शेवटी खिशातला खडू वर धरून ते म्हणाले, "मी भिंतींवर फुल्या मारल्यात. फुलीकडे नीट लक्ष द्या. विसरू नका, बरं का."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "जिथे गळती आहे तिथे काकांनी फुली मारून ठेवलीय. फुली दिसली की आधी तिथलं काम."

यात मला काहीच चुकीचं वाटलं नाही, कारण आमच्या प्रशिक्षणात हेच शिकवलं होतं. भिंत तपासायची, हवा जिथे आत येते तिथे खडूने फुली, मग मागून येणारा ती जागा बुजवतो. 'फुली दिसली की फोम' असं आम्ही एकमेकांना ओरडून सांगायचो. आणि काकांच्या फुल्या होत्याही अगदी बरोबर जागी. न्हाणीघराच्या भिंतीत तळहाताएवढ्या दोन जाळ्या असायच्या, एक जमिनीजवळ, एक छताजवळ. हात धरला की गार हवा सरळ अंगावर. सर म्हणाले, "बघा, या माणसाला अनुभव आहे. मोठी गळती कुठे, हे त्याला बरोबर कळतं."

रोज संध्याकाळी सर वसतिगृहाच्या फळ्यावर लिहायचे, कुणी किती जागा बुजवल्या. आठवडाभर माझा आकडा सगळ्यांच्या वर होता. न्हाणीघरांतल्या जाळ्या मी दुसऱ्या कुणाला देतच नव्हते. फोमची पट्टी दाबून बसवायची, वरून सिलिकॉनची रेघ ओढायची, बोटाने सफाईदार फिरवायची. जाळी होती हेसुद्धा ओळखू येऊ नये, अशी सफाई.

शनिवारी दुपारी चौथ्या मजल्यावरचं शेवटचं घर झालं, शिलाईवाल्या बाईंचं. बाई एकट्याच राहायच्या. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, भिंतीला कापडाचे गठ्ठे, आणि मशीनचा आवाज दिवसभर, तो जिन्यात खालपर्यंत ऐकू यायचा. मी न्हाणीघरात काम करत असताना त्या दारात टेकून माझ्याशी गप्पा मारत होत्या. गिझर जुना होता, सोळांपैकी आणखी आठ घरांत होता तसाच, भिंतीला टांगलेला गॅसचा डबा, समोरच्या काचेतून निळी ज्योत दिसायची. बाई म्हणाल्या, "रविवारी मी शिवत नाही बघ. रविवारी नवीन कापड गरम पाण्यात घालते. आधीच आटवून घेतलं की मग गिऱ्हाईक ओरडत येत नाही. तास दीड तास तेच चालतं. थंडीत तर बरंच वाटतं, हात शेकतात."

मी छताजवळच्या जाळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "आता इथे वारा येणार नाही, बघा. उद्या अगदी ऊबदार वाटेल."

"देव तुझं भलं करो गं," त्या म्हणाल्या.

रविवारी थंडी पडली. आठवडाभर ऊन होतं, लोक खिडक्या उघड्या टाकायचे. त्या दिवशी सकाळपासून झोंबरा वारा सुटला आणि सगळी इमारत बंद झाली. आमच्या नव्या रबरी पट्ट्यांमुळे खिडक्या इतक्या गच्च बसल्या, की काचा थडथडायच्या थांबल्या. आम्हाला सुट्टी होती. काकूंनी मला तीन वाजता चहाला बोलावलं होतं.

त्यांच्या स्वयंपाकघरात मी याआधी कधी गेले नव्हते. तिथेही भिंतीवर तसाच गिझर होता, आणि त्याच्या वर हवेची जाळी. जाळीच्या बाजूला एक फुली. खडूची नाही, लाल ऑइलपेंटची, चांगली वीतभर. जाळी उघडी होती. माझ्या डोक्यात पहिला विचार आला, की हे घर आमच्या यादीत नसल्यामुळे सुटलं.

"काका, इथे फोम राहिला की," मी म्हणाले. "फुली आहे ना. उद्या लावून देते."

काका किटलीतून चहा ओतत होते. ते हसले. "अगं, फुली म्हणजे हात लावायचा नाही! ती जाळी बंद झाली की संपलंच." मग त्यांनी मला नीट समजावून सांगितलं, सावकाश, सोप्या शब्दांत, लहान मुलाला सांगावं तसं. ज्योतीला हवा लागते. हवा कोंडली की ज्योत विष सोडते. त्याला ना वास, ना धूर. पूर्वी ते एका मोठ्या लॉन्ड्रीत बॉयलरवर होते, बावीस वर्षं. तिथे एका हिवाळ्यात कुणीतरी वारा लागतो म्हणून जाळीत पोतं कोंबलं. त्यांचा एक सोबती बॉयलरच्या मागे बाकावर आडवा झाला होता. "गाल असे लाल, छान. आम्हाला वाटलं दमलाय, झोपलाय. मीच त्याच्या अंगावर चादर घातली. सुट्टी झाल्यावर उठवायला गेलो."

  काकूंनी बिस्किटांची बशी माझ्यापुढे सरकवली.

"वरचं सगळं नीट झालं ना?" काकांनी विचारलं.

"हो काका," मी म्हणाले.

मी कप अर्ध्यावरच खाली ठेवला. गिझरची नऊ घरं. प्रत्येकी दोन जाळ्या. अठरा जाळ्या, आणि त्यातल्या चौदा मी माझ्या हाताने, बोट फिरवून, सफाईने बंद केलेल्या. त्याच क्षणी मी "काका, आम्ही सगळ्या फुल्यांवर फोम लावलाय" एवढं एक वाक्य बोलायला हवं होतं. ते वाक्य मला त्यांच्या भाषेत नीट येत होतं. व्याकरणाची चूकसुद्धा झाली नसती. पण मला दिसत होते आमचे सर. येताना विमानतळावर त्यांनी बजावलं होतं, की कुणाच्या घराचं नुकसान केलंत तर दुसऱ्या दिवशी परत, आणि वर्ष वाया. दिसत होती माझी आई, जिने अख्ख्या नात्यागोत्यात सांगून ठेवलं होतं, की आमच्या मुलीला परदेशात घरं सुधारायला बोलावलंय. आणि दिसत होता तो फळा. मी घाबरले. माणसं मरतील म्हणून घाबरले, हे खरं, पण त्याच्या आधी मी माझ्यासाठी घाबरले. ते आधी-नंतर मला अजून चांगलं आठवतं.

अर्धा चहा तसाच टाकून, डोकं दुखतंय असं सांगून मी निघाले. काकाही मला दारापर्यंत सोडायला उठले नाहीत. एरवी पायरी जपून, म्हणून सांगायला रस्त्यापर्यंत यायचे.

वसतिगृह समोरच होतं. सरांना सांगायचं ठरवून मी त्यांच्या दाराशी गेले. ते फोनवर होते, कॉलेजच्या प्रिन्सिपलना कॅमेऱ्यातून फळा दाखवत होते. "ही आपली मुलगी बघा, एकटीने किती काम केलंय," असं म्हणून त्यांनी दारात मला बघितलं आणि फोन माझ्याकडे वळवला. मी हात हलवला. हसलेसुद्धा. मग माझ्या खोलीत जाऊन पलंगावर बसले आणि मोबाइलवर त्या विषाबद्दल वाचत राहिले. आधी डोकं दुखतं. मळमळतं. सुस्ती येते. माणसाला वाटतं, जरा पडावं. मी दर दोन मिनिटांनी उठून खिडकीतून समोरच्या इमारतीकडे बघत होते. सगळ्या खिडक्या बंद, सगळ्या काचा वाफेने पांढऱ्या. सगळं कसं शांत. काही झालं असतं तर आरडाओरडा झाला असता, असं मी मनाला सांगत होते. वास नाही, धूर नाही आणि आरडाओरडाही नाही, हे नुकतंच वाचलं होतं तरी.

चार वाजून गेल्यावर मला एक युक्ती सुचली. आता तिला युक्ती म्हणायची लाज वाटते. मी पिशवीत पट्टी कापायची सुरी टाकली आणि समोर गेले. कुणाला काही सांगायचं नाही. दार वाजवायचं, काम तपासायला आलेय म्हणायचं, न्हाणीघरात जायचं, फोम उपटायचा आणि पुढचं घर. सगळ्या जाळ्या मोकळ्या झाल्या की कुणाला काही कळायचं कारणच नाही.

पहिल्या मजल्यावरच्या पहिल्या घरात एक आजोबा होते. "रविवारीसुद्धा काम?" म्हणाले. मी न्हाणीघरात गेले, स्टुलावर चढले, आणि सुरी हातातच राहिली. जाळी मोकळी होती. फोमचे काळे कण तेवढे कडेला चिकटलेले. खालचीही मोकळी. मला वाटलं घर चुकलं. दुसऱ्या घरात गेले, तिथेही तेच. सिलिकॉनची माझी ती सफाईदार रेघ ओरबाडून काढलेली. तिथल्या बाई म्हणाल्या, "आत्ताच तर तपासून गेले. किती वेळा तपासता?" कोण तपासून गेलं, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. एखादं चांगलं भूत माझ्यापुढे जिना चढतंय, असं काहीतरी मला वाटलं असेल. दुसऱ्या मजल्यावरही जाळ्या मोकळ्या. टॅक्सीवाल्याची बायको म्हणाली, तिचं डोकं सकाळपासून ठणकत होतं, आता जरा बरं आहे. 

जिन्याच्या कोपऱ्यातून सांडपाण्याचा पाइप खाली यायचा. त्यातून पाणी खळखळत होतं. मी आले तेव्हापासून ते तसंच चाललं होतं. एकसारखं, मध्ये कुठे खंड नाही.

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर काका उभे होते.

टोपी कपाळावरून मागे गेलेली, घाम आलेला. एका हातात पेचकस. दोन्ही खिशांतून आणि स्वेटरच्या गळ्यातून फोमचे काळे तुकडे बाहेर डोकावत होते. त्यांनी माझ्या हातातल्या सुरीकडे बघितलं. मी त्यांच्या खिशांकडे बघितलं.  मी "इथे फोम राहिला की" म्हटलं तेव्हाच त्यांना कळलं होतं. बावीस वर्षं बॉयलरवर काढलेल्या माणसाला नाही कळणार? चहा ओतताना ते हसले, आणि त्या हसण्याच्या शेवटी त्यांना कळलं. आणि तेही माझ्यासारखेच गप्प बसले. काकू डुलक्या घ्यायला लागेपर्यंत थांबले आणि मग पेचकस घेऊन निघाले, हळूच, रंग बघायला आलोय असं सांगत. अंगणात उभं राहून "खिडक्या उघडा" एवढं ओरडले असते, तर दोन मिनिटांत सगळं झालं असतं. मीही ओरडले असते, तरी झालं असतं. ज्या माणसाने भोक पडलेल्या गळ्याच्या तुकड्यासाठी दोन बंब बोलावले, त्याने खऱ्या धोक्याला तोंड उघडलं नाही. त्यांना पत्र आठवत होतं, मला फळा.

"वरचे झाले?" मी विचारलं.

"चौथा राहिलाय," ते म्हणाले. "तिसऱ्यावर दार लवकर उघडेनात."

मग आम्हा दोघांनाही एकाच वेळी ऐकू आलं, की पाइपमधलं पाणी चौथ्या मजल्यावरून येतंय.

आम्ही धावलो. पाच वाजत आले होते. बाईंचं दार काकांनी वाजवलं, मग बुक्क्या मारल्या. आतून पाण्याच्या आवाजाशिवाय काही नाही. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा काढला. किल्ली भोकात जाईना. जुडगा दोनदा खाली पडला. दुसऱ्यांदा पडल्यावर ते जिन्याच्या कठड्याशी गेले, खाली वाकले आणि जिवाच्या आकांताने ओरडले, "धोका! सगळे बाहेर या! खिडक्या उघडा! धोका!"

खालून टॅक्सीवाल्याचा आवाज आला, "काय काका, बल्ब गेला का?" कुणीतरी हसलं.

तोवर मी किल्ली लावली होती. काकांनी मला मागे ढकललं, टोपी नाकातोंडावर दाबली आणि आत गेले. मी दारात उभी होते. मला आत जायचं होतं आणि माझे पाय उंबऱ्यावरून हलत नव्हते. आत काच फुटल्याचा आवाज झाला, मग पाणी थांबलं. ते थांबलं तेव्हा इमारतीत केवढी शांतता झाली! मग काका पाठमोरे, वाकलेले, बाईंना काखेत धरून ओढत आणताना दिसले. बाईंच्या हाताला ओलं निळं कापड गुंडाळलेलं होतं, ते फरशीवरून मागे घसटत आलं. त्यांचे गाल लाल होते. छान, टवटवीत. काकांनी त्यांना जिन्यात ठेवलं आणि त्यांच्या तोंडाकडे बघून ते गुडघ्यांवर बसले ते बसलेच. त्यांना काय दिसत होतं, ते मला कळलं. मी त्यांना हलवलं, "काका, श्वास आहे! काका, बघा, श्वास आहे!" असं आमच्याच भाषेत ओरडत राहिले. तोवर टॅक्सीवाला वर आला होता. आता तो हसत नव्हता.

बाई वाचल्या. तीन दिवस त्या बेशुद्धीतच होत्या. त्या तीन दिवसांत मी काय खाल्लं, कुठे झोपले, काही आठवत नाही. दर तासाला मी काकांकडे जायचे, काका दर तासाला हॉस्पिटलमध्ये फोन करायचे, आणि आम्ही दोघं त्या लाल फुलीखाली बसून राहायचो. त्या दोन तासांबद्दल आम्ही एक अक्षरही बोललो नाही. काकूंना वाटायचं, आम्हाला बाईंची काळजी आहे. होतीच. पण त्या काळजीच्या पोटात दुसरी भीती होती, आणि ती आम्ही एकमेकांच्या तोंडावर बघत होतो. चौथ्या दिवशी बाई शुद्धीवर आल्या, तेव्हा काकांनी फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून रडले. मला जिवात जीव आल्यासारखं वाटलं, आणि लगेच मनात आलं, आता त्या विचारतील.

चौकशी झाली, पण फार नाही. भाषेचा गैरसमज, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. गैरसमज हा मोठा सोयीचा शब्द आहे, त्यात कुणाचं नाव येत नाही. सर सुटले, कार्यालय सुटलं. आमचं काम थांबवलं, पण शिक्षा म्हणून आधी नाही, आम्हाला ठरल्या दिवशीच परत पाठवायचं ठरलं. जायच्या आदल्या दिवशी सकाळी कार्यालयाचे साहेब आले. अंगणात सोळा घरांची माणसं जमली. बाईही आल्या होत्या, टॅक्सीवाल्याच्या बायकोचा हात धरून. त्या सावकाश चालत होत्या, आणि उजव्या हाताची बोटं सारखी चाचपून बघत होत्या, आपलीच आहेत ना अशी. सुईत दोरा ओवता येत नाही म्हणाल्या, येईल हळूहळू, डॉक्टर म्हणतात.

साहेबांनी भाषण केलं. वेळीच धोका ओळखल्यामुळे मोठा अनर्थ टळला, म्हणाले. काकांचं मागचं पत्र कार्यालय मागे घेत आहे, हेही जाहीर केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टॅक्सीवाल्याने तर शिट्टी मारली. मग साहेबांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "पण हे आधी लक्षात कुणाच्या आलं?"

"हिच्या," काका म्हणाले.

"काकांच्या," मी म्हणाले.

आम्ही दोघं एकदमच बोललो. लोक हसले. किती हा मोठेपणा, असं कुणीतरी म्हणालं, आणि पुन्हा टाळ्या झाल्या. सरांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं. मी काकांकडे बघितलं नाही.

टाळ्या थांबल्यावर बाई म्हणाल्या, "मला एक विचारायचंय." आवाज बारीक होता. "मला त्या दिवसाचं नीट आठवत नाही. घड्याळात साडेतीन झालेले बघितले आणि पाणी सुरू केलं, एवढं आठवतं. पुढचं सगळं पुसल्यासारखं झालंय. मी डॉक्टरांनाही विचारलं, त्यांना माहीत नाही." त्यांनी आधी काकांकडे, मग माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत संशय नव्हता, नुसतं कुतूहल होतं. "तुम्हाला किती वाजता कळलं?"

काकांनी टोपी डोक्यावरून काढली. हातात फिरवली.

"पाच वाजता," ते म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.